माझ्या नावाची भिशी

बी.एस्सी.चा निकाल लागला आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. माळ्यावर जाऊन बसावं तर पाच मिनिटांत खाली यावंसं वाटायचं. खाली आलं की अव्वा, म्हणजे माझी आई, काहीतरी काम सांगायची, ते अर्धं टाकून मी पुन्हा जिना चढायची. "उंदीर शिरलाय का गं अंगात?" ती विचारायची. मी फणकाऱ्यानं काहीतरी बोलायची, मग ती कानडीतून सुरू व्हायची. आमची अव्वा प्रेम मराठीत करायची आणि रागवायची कानडीत. त्या उन्हाळ्यात घरात कानडीच जास्त ऐकू आली.

बसायला तरी जागा होती कुठं? शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या भागात अप्पांचं शेंगांचं दुकान, मध्ये चौक, चौकाला लागून स्वयंपाकघर आणि एक खोली, वर माळा. दुष्काळ नुकताच सरला होता आणि करकंब-टेंभुर्णीकडून माल पुन्हा येऊ लागला होता. पोती चौकात रचायची आणि पेठेतल्या बायका सकाळपासून शेंगा फोडत बसायच्या. शेंगा फुटण्याची कटकट, चाळणीत दाणे पडल्याचा सडसडाट, त्यावर निम्म्या मराठी, निम्म्या कानडी गप्पा, आणि या सगळ्यावर मिलचा भोंगा. दुपारी अव्वा उखळात शेंगाचटणी कुटायला घ्यायची, तेव्हा लसणाचा आणि लाल तिखटाचा ठसका माळ्यापर्यंत पोचायचा. टरफलं बंबात जळायची, त्यामुळं आंघोळीच्या पाण्यालाही शेंगांचाच वास. माझ्या पुस्तकांची पानं तेलकट झालेली असत आणि कॉलेजातल्या मुली माझी वही हुंगून मला चिडवत. मला त्या वासाचा मनापासून वैताग यायचा. आता या फ्लॅटमध्ये भाजलेले दाणे प्लॅस्टिकच्या पाकिटातून येतात, त्यांना कसलाच वास नसतो, आणि त्याचाही मला वैतागच येतो. स्वभावच तसा, त्याला काय करणार.

मला एम.एस्सी. करायचं होतं, गणितात. त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागणार होतं. आमचे कुलकर्णी सर म्हणजे वर्गात खडू आणि बाहेर छत्री यांच्याशिवाय कशालाही हात न लावणारे गृहस्थ. त्यांना मी विचारायला गेले. "हॉस्टेल, मेस, फी, पुस्तकं धरून दोन वर्षांचे दोन हजार लागतील," ते म्हणाले. आमच्या घरात एवढी रक्कम एका वेळी बघायला मिळायची ती फक्त माल उचलण्याच्या दिवशी, तीही संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या खिशात जायची. "कर्ज काढावं लागेल सर. पुढं परवडेल का?" मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे मला का विचारतेस? तू गणिताची विद्यार्थिनी आहेस. मांड." मला तो सल्ला इतका आवडला की मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

बँका त्या काळात नुकत्याच सरकारी झाल्या होत्या आणि शिकणाऱ्या मुलांना कर्ज मिळतं असं ऐकू यायचं. अप्पा धुवट टोपी घालून मला घेऊन बँकेत गेले. साहेब वागायला चांगले होते, त्यांनी चहासुद्धा विचारला. "कर्जाचं बघता येईल," ते म्हणाले, "पण मला एक सांगा, मुलीचं लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार?" अप्पा म्हणाले, "मीच भरंन की." साहेब हसले. "मग ते तुमचंच कर्ज झालं. दुकानावर मागा, लवकर मिळेल." परत येताना अप्पांनी मला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. त्यांना काही बोलायचं नसलं की ते काहीतरी खायला-प्यायला घालत. मी रस पिताना तोंडानं मुद्दाम आवाज केला, कारण मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि समोर दुसरं कुणी नव्हतं.

उरली भिशी. अप्पा पेठेतल्या वीस व्यापाऱ्यांच्या भिशीत होते. दर महिन्याला प्रत्येकानं शंभर रुपये टाकायचे आणि दर अमावस्येला, दुकानाची पूजा झाल्यावर, एकाच्या घरी जमून त्या दोन हजारांचा लिलाव करायचा. ज्याला गरज असेल त्यानं बोली लावायची, ती घेण्याची नव्हे, सोडण्याची. कुणी म्हणायचं शंभर सोडले, कुणी दीडशे. जो जास्त सोडेल त्याला उरलेली रक्कम मिळायची आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जायचे. ज्यानं उचलली त्यानं पुढं शेवटच्या महिन्यापर्यंत शंभर-शंभर भरत राहायचं. व्याज हा शब्द तिथं कुणी उच्चारत नसे, पण ते व्याजच होतं, आणि चांगलं सणसणीत होतं. याला एकच अपवाद. कुणाच्या घरात मुलीचं लग्न निघालं असेल तर त्या अमावस्येला दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. रक्कम पूर्णच्या पूर्ण, एक रुपया न सोडता, त्याच्या हातात ठेवायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कुणी पाहिलं नव्हतं.

दुकानातले पुड्या बांधायचे तपकिरी कागद घेऊन मी माळ्यावर बसले आणि मांडायला सुरुवात केली. एका बाजूला भिशीची रक्कम, तिच्यापायी सुटणारे पैसे, दोन वर्षं न मिळवलेला कारकुनी पगार. दुसऱ्या बाजूला प्राध्यापकाचा पगार. पण नोकरी लागेलच कशावरून? मग मी नोकरी लागण्याची संभाव्यता निम्मी धरली. मन खट्टू झालं म्हणून ती पाऊण केली, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा निम्मी केली. गणितात निर्मळ माणसं असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या स्वतःच्या नशिबाचं गणित मांडून बघावं. निम्मी धरूनही उत्तर माझ्या बाजूनं आलं. आठेक वर्षांत सगळं भरून निघत होतं, पुढं नुसता फायदा. मी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आले.

सगळे जेवायला बसले होते. अव्वानं त्या दिवशी येसर आमटी केली होती, अप्पा त्यात भाकरी कुस्करत होते. माझा थोरला भाऊ मल्लण्णा नेहमीसारखा आधी चटणीवर तेल ओतून घेत होता. मल्लण्णानं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं आणि दुकानात बसला. डोकं तापट, पण धंद्यात नजर पक्की. त्याला शेंगा फोडायचं विजेवरचं यंत्र घ्यायचं होतं आणि त्याचाही डोळा याच भिशीवर होता. मी ताटावर बसायच्या आधीच माझं उत्तर वाचून दाखवलं. अप्पांनी मान हलवली. मल्लण्णानं घास गिळला आणि विचारलं, "आठ वर्सांत परत येतंय म्हनतीस. कुनाला?"

"कुनाला म्हंजे?"

"कर्ज ह्या घराचं. पगार कुटल्या घराचा?"

अव्वानं त्याच्याकडं डोळे वटारले. तो म्हणाला, "मी वंगाळ बोललो का? दोन-तीन वर्सांत लगीन हुनार. मग हिचा पगार सासऱ्याच्या हातात, आनि भिशीचं शंभर हितनं, ह्या गल्ल्यातनं." त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. मी ताट तसंच टाकून वर गेले.

तो बरोबर होता आणि त्याचा मला इतका संताप आला की तो कागद मी दोनदा चुरगाळला आणि दोनदा सरळ केला. लग्नाची संभाव्यता मी एक धरली. एक म्हणजे घडणारच. आमच्या समाजात वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला दुसरी कुठली किंमत मांडताच येत नव्हती. तो एक मांडला आणि उजवीकडचा सगळा रकाना कोसळला. पगार कितीही मोठा धरा, आमच्या घराच्या बाजूला शून्यच. मग चिडून मी मल्लण्णाच्या यंत्राचं गणित मांडलं. मनात होतं की त्यातही खोट निघावी. पण यंत्र दोन हंगामांत आपली किंमत भरून काढत होतं, आणि यंत्राचं लग्नही होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी दोन्ही उत्तरं सगळ्यांसमोर वाचली. "यंत्र घ्या," मी म्हणाले. मला गणितावर रडू येत होतं, जगात एवढ्या गोष्टी असताना गणितावर. मल्लण्णा बशीतला चहा फुंकत राहिला, वर बघेना. अप्पांनी एवढंच विचारलं, "अक्षी बरोबर मांडलंस न्हवं?" मी हो म्हणाले, आणि ते दुकान उघडायला गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अप्पा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. कोल्हापूरचा प्रवेश जवळ येत होता. मी चौकात जाऊन त्या बायकांबरोबर शेंगा फोडायला बसायची, चार मुठी झाल्या की उठायची, दाराशी जायची, परत यायची. अव्वाच्या चुलीवरचं दूध माझ्यामुळं दोनदा उतू गेलं. अशात टेंभुर्णीचं एक स्थळ मला बघून गेलं. चार ट्रक असलेले लोक. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "एवढं शिकलीयास, बत्तीस गुनिले सत्तेचाळीस किती?" मी उत्तर सांगितलं, ते बोटांवर पडताळत बसले आणि मला हसू फुटलं. पुढं त्यांच्याकडून काही कळलं नाही. पण ते येऊन गेले हे साऱ्या पेठेला समजलं होतं.

अव्वानं त्यावरून डोकं चालवलं. अमावस्येच्या आदल्या दिवशी, अप्पांना वाढता वाढता ती सहज म्हणाली, "ह्या खेपेला भिशी आपल्याच घरी हाय. लगीन ठरलं म्हनून सांगा. टेंभुर्णीकर येऊन गेलेले समद्यांनी बघितलंय. कोन बोली लावत न्हाय, पुरे दोन हजार हातात येत्यात. मग पोरगी कोल्हापूरला जाऊ दे. लगीन मोडलं म्हनून सांगायला काय लागतंय? रोज मोडत्यात." चौथी शिकलेल्या माझ्या आईनं माझ्या सगळ्या गणितातली एक मोठी संख्या, बोलीत सुटणारे पैसे, अशी एका वाक्यात पुसून टाकली. मी तिच्याकडं बघतच राहिले. तिला मी घरातच राहायला हवी आहे असं मी तोवर धरून चालले होते. मल्लण्णा म्हणाला, "न्हाय तर काय, ह्यात कुनाचं नुकसान हाय?" अप्पा म्हणाले, "समद्यांचंच हाय," आणि ताक मागून घेतलं. ते पिऊन म्हणाले, "कोल्हापूरसाटी तीनशेपर्यंत सोडीन. त्याच्या वर गेलं तर बघू पुढच्या साली." पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं.

अमावस्येला दुकानाची पूजा झाली, घरात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजली. चौकातली पोती भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या आणि दिवेलागणीला माणसं आली. अव्वानं सगळ्यांसाठी चुरमुऱ्याचा सुशीला केला होता. मी आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागं उभ्या होतो. माझ्या हातात चहाची किटली होती आणि तिचा चटका बसतोय हे मला बऱ्याच वेळानं कळलं. भिशी चालवायचे शिवप्पाकाका, अप्पांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी पैसे गोळा केले, बटव्यात घातले आणि हसत विचारलं, "काय सिद्रामप्पा, टेंभुर्णीचं जमलं म्हनायचं? मग आज बोलीच न्हाय की."

माणसं खुशीत पुढं सरकली. एकानं तर बटवा उचलून अप्पांच्या दिशेनं ढकललासुद्धा. अव्वानं माझा दंड धरला. अप्पांनी फक्त मान हलवायची होती. ते म्हणाले, "न्हाय जमलं. पोरगी कोल्हापूरला चाललीय, गनित शिकायला. त्यासाटी पायजे हायत."

बटवा परत मधे गेला. शिवप्पाकाकांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, "मग बोली लागंल बघ. नेम हाय." अप्पा म्हणाले, "लागू दे की." दारामागं अव्वा कानडीत पुटपुटली, "साकु," म्हणजे पुरे झालं, आणि चुलीपाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

बोली सुरू झाली. अप्पा म्हणाले, शंभर सोडले. तंबाखूचे व्यापारी गुरप्पाशेट यांना माल उचलायचा होता, ते म्हणाले दीडशे. दोनशे. अडीचशे. अप्पांनी तीनशे म्हटलं आणि थांबले. गुरप्पाशेटनी सुशीला चावत चावत साडेतीनशे म्हटलं. शिवप्पाकाकांनी अप्पांना एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. माझं कोल्हापूर त्या सतरंजीवर संपत होतं आणि मला तिथं जाऊन ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात गुरप्पाशेट समजुतीच्या सुरात म्हणाले, "सोडा की हो सिद्रामप्पा. पोरीला गनित शिकवून काय करनार? तिच्या सासऱ्याचा हिशेब लिवायला व्हय?" दोघं-तिघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते, गमतीचं होतं. मल्लण्णा कोपऱ्यात पोत्याला टेकून बसला होता. तो ताडकन उठला. मला वाटलं हा आता कुणाची तरी गचांडी धरणार.

"सहाशे!" तो ओरडला.

साडेतीनशेवरून एकदम सहाशे त्या भिशीत कुणी ऐकलं नव्हतं. चारशे म्हटलं असतं तरी गुरप्पाशेट गप्प बसले असते, हे तिथल्या लहान पोरालाही कळलं असतं. शिवप्पाकाकांनी अप्पांकडं पाहिलं. मुलानं बापाच्या नावानं बोली लावली तर ती धरायची की नाही, हे बापानं ठरवायचं. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बोलला ते बोलला. धरा." चौदाशे रुपये मोजून त्यांच्या पुढं ठेवले गेले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण मला वाट बघायला लावणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. कमी पडलेले पैसे मी कोल्हापुरात शिकवण्या करून उभे केले. नोकरीसाठी वर्षभर चपला झिजवल्या. लागल्यावर दोन वर्षं पगारातून घरी दिले. मग लग्न झालं, आणि दर पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट सासऱ्यांच्या हातात जाऊ लागलं. माहेरी काही पाठवायचं नाव काढलं की घरात दोन-दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोलत नसे. मी भांडले, पुष्कळ भांडले, थोडं पाठवलं, बरंचसं राहून गेलं. मल्लण्णाचं यंत्र फार उशिरा आलं. तोवर पेठेतल्या दोघांनी आपापली यंत्रं बसवून आमचं गिऱ्हाईक ओढलं होतं. मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहून मुलांना सांगत आले की उत्तर काढलंत की पडताळून बघा. मी माझं पडताळलंय. माळ्यावर तपकिरी कागदावर काढलेलं ते उत्तर बरोबर होतं, आमच्या घराला तोटाच झाला. मला त्याची लाज वाटत नाही, चीड येते. पगार मी मिळवत होते, फळ्यासमोर घसा मी कोरडा करत होते, आणि तरी तो कुठल्या घराचा हे ठरवणारी मी नव्हते. मी मिळवलेलं गणित मात्र माझंच राहिलं, ते कुणाला पाकिटात घालून देता आलं नाही. त्याचा मला जो आनंद झाला तो कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर अप्पा चौदाशे रुपये घेऊन देव्हाऱ्यापाशी गेले. मल्लण्णा चौकात एकटाच सतरंज्या झटकत होता. मी किटली आपटली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, येड लागलंय का तुला? सहाशे! तीनशेतच बसत नव्हतं."

"वरडू नको. म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय? तुझं यंत्र गेलं. आनि हे आता कंदीच भरून निगत न्हाय. मी मांडलंय."

त्यानं सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती ताणली, त्यातून टरफलांची धूळ उडाली आणि तो खोकला. त्याचे डोळे लाल झाले होते. मग माझ्या हातातलं टोक घ्यायला तो जवळ आला.

"बरोबर मांडलंयस?"

"बरोबरच हाय."

"मग जा कोल्लापूरला," तो म्हणाला, "आनि खोटं पाड."